घोड्याचं चिलखत विकत घेताना
पडद्यावरचा बाजार : लेखांक ६

गेम एकदाच पूर्ण पैसे मोजून घेणं आणि फुकट गेममध्ये थोडे थोडे पैसे ओतत राहणं, यांतला फरक मागच्या लेखांकात पाहिला. त्यावर किन्हवलीच्या एका पालकांनी विचारलं आहे की, मुलाला कॉम्प्युटरवरचा गेम पूर्ण किंमत देऊन घेतला, आता तो म्हणतो त्याच गेमचा आणखी एक भाग निघालाय आणि त्याचे पैसे वेगळे. पूर्ण पैसे घेऊन वस्तू अर्धीच दिली की काय? प्रश्न रास्त आहे. वासिंद-आसनगावहून पडघ्याच्या गोदामांत कामाला जाणारी, स्वतःच्या पगारातून गेम घेणारी मुलंही हेच विचारतात. आजचा लेखांक या पुरवण्यांसाठी.

आधी गेमचा प्रकार समजून घेऊ. रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे आरपीजीमध्ये, खेळणारा एक पात्र घेतो आणि त्या पात्राचं आयुष्य जगतो. कुणाचं काम अंगावर घ्यायचं, कुणाशी वैर पत्करायचं, तलवार शिकायची की जादू, हे सगळं त्याच्या हातात असतं. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ बाजारात आला, तिथून ही परंपरा सुरू होते. पुरवणी विकण्याची रीतही जवळपास तितकीच जुनी आहे. पुढच्याच वर्षी या खेळाची ‘ग्रेहॉक’ नावाची पुरवणी छापून विक्रीला आली होती. पुढं खेळ कॉम्प्युटरवर गेले तेव्हा पुरवण्या सीडीच्या खोक्यातून येऊ लागल्या. इंटरनेटचा वेग वाढल्यावर खोकं गेलं. पैसे भरायचे आणि फाइल उतरवून घ्यायची. मुलं जिला ‘डीएलसी’ म्हणतात ती हीच.

या बाजारातला सगळ्यात गाजलेला किस्सा एका घोड्याचा आहे. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीचा ‘द एल्डर स्क्रोल्स ४ : ऑब्लिव्हियन’ हा आरपीजी मार्च २००६ मध्ये आला. विस्तीर्ण प्रदेश, शेकडो माणसं आणि फिरायला घोडा. एप्रिलच्या सुरुवातीलाच कंपनीनं एक छोटी पुरवणी विकायला काढली : घोड्याचं चिलखत. एक्सबॉक्सवर किंमत अडीच डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण ११० रुपये. राजधानीबाहेरच्या तबेल्यात जायचं, तिथल्या बाईकडून चिलखत घ्यायचं, पोलादी किंवा एल्फ लोकांच्या घडणीचं. घोडा देखणा झाला, पण गोष्ट तसूभरही पुढं सरकली नाही. खेळणारे भडकले. पंधरवड्यापूर्वीच पूर्ण किंमत देऊन गेम घेतलेल्या माणसाला घोड्याच्या अंगावरच्या पत्र्यासाठी पुन्हा पैसे मागितले जात होते.

आपल्याकडं पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेत बैलजोडीचा सौदा झाला की शेतकरी शेजारच्या दुकानांकडं वळतो. झूल, घुंगुरमाळा, गोंडे, शिंगांच्या शेंब्या. या गोष्टींनी बैलाची ओढ वाढत नाही, हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तो हौस म्हणून पैसे देतो आणि ते पैसे सौद्याच्या पैशांत मिसळत नाही. घोड्याच्या चिलखताकडं असंच पाहायला हवं होतं. ते विकणं हा गुन्हा नव्हता. आपण झूल घेतोय की बैल, हे घेणाऱ्याला आधी स्पष्ट कळायला हवं, एवढाच मुद्दा होता.

त्याच कंपनीनं त्याच गेमसाठी वर्षभरानं, मार्च २००७ मध्ये, ‘शिव्हरिंग आइल्स’ नावाची पुरवणी काढली. किंमत ३० डॉलर, चिलखताच्या बारापट. तिच्याविषयी तशी ओरड झाली नाही. कारण तिच्यात एक अख्खा नवा मुलूख होता, वेडाच्या देवतेचं राज्य, नवी माणसं, नवे शत्रू, स्वतंत्र कथा. महाग पुरवणी लोकांनी स्वीकारली आणि स्वस्त पुरवणी वीस वर्षं बदनाम राहिली. किमतीपेक्षा ऐवज मोठा, हे या दोन पुरवण्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

मग कंपन्या सगळं एकदमच का देत नाहीत? मोठा आरपीजी बनायला तीन-चार वर्षं सहज जातात. त्यात सगळ्यात खर्चिक असतो तो पाया : पात्रं चालवणारी, पाऊस पाडणारी, लढाईचा हिशेब ठेवणारी सगळी यंत्रणा. गेम बाहेर पडला की हा पाया तयार असतो. त्यावर नवी कथा उभी करायला तुलनेनं कमी खर्च येतो. मात्र गिऱ्हाइकंही कमी असतात, कारण मूळ गेम ज्याच्याकडं आहे तोच पुरवणी घेणार. शिवाय गेम पूर्ण होऊन तपासणीला गेला की लेखक आणि चित्रकार मोकळे होतात. त्यांना पुरवणीच्या कामाला लावता येतं. ही कारणं खरी आहेत आणि मला ती पटतात.

पण याच कारणाच्या आडोशानं गडबडही होते. मार्च २०१२ मध्ये बायोवेअर या कंपनीचा ‘मास इफेक्ट ३’ आला आणि त्याच दिवशी ‘फ्रॉम अ‍ॅशेस’ ही १० डॉलरची पुरवणीही आली. तिच्यात जाविक नावाचा सोबती होता, नामशेष झालेल्या प्रोथियन वंशाचा शेवटचा माणूस. या मालिकेची सगळी कथा त्या प्रोथियनांच्या रहस्याभोवती विणलेली. कंपनीचं म्हणणं असं की गेम तपासणीला गेल्यावर हे काम पूर्ण झालं. खेळणाऱ्यांनी डिस्क उलगडून पाहिली तर जाविकच्या काही फाइली तिच्यावर आधीच होत्या. माझं मत खेळणाऱ्यांच्या बाजूचं आहे. कथेच्या गाभ्यातलं पात्र पहिल्याच दिवशी वेगळ्या किमतीला लावणं म्हणजे किन्हवलीच्या त्या पालकांची शंका खरी करून दाखवणं.

याच्या अगदी उलट वागली पोलंडची सीडी प्रोजेक्ट रेड. त्यांचा ‘द विचर ३’ मे २०१५ मध्ये आला. नवे पोशाख, छोट्या मोहिमा, केसांच्या नव्या ठेवणी अशा १६ लहान पुरवण्या त्यांनी गेम घेतलेल्या प्रत्येकाला फुकट दिल्या. पैसे घेतले ते फक्त दोन मोठ्या कथांचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, १० डॉलर, सुमारे दहा तासांची. आणि मे २०१६ मध्ये ‘ब्लड अँड वाइन’, २० डॉलर, सुमारे वीस तासांची. दुसरीत तूसाँ नावाचा द्राक्षमळ्यांचा नवा प्रदेश आहे. आयुष्यभर घोड्यावर भटकून राक्षस मारणाऱ्या गेराल्टला तिथं स्वतःचं घर आणि मळा मिळतो. घर जुनं, पडझड झालेलं. पैसे घालून हळूहळू दुरुस्त करायचं, बाग लावायची, भिंतीवर चित्रं टांगायची. शंभर तास या माणसाबरोबर वणवण केलेल्या खेळणाऱ्याला त्या घराचं दार उघडताना काय वाटत असेल, हे न खेळणाऱ्यालाही समजेल. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये २०१६ सालच्या सर्वोत्तम आरपीजीचा मान या पुरवणीला मिळाला. स्वतंत्र गेमना मागं टाकून पुरवणी पहिली आली.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. ‘ब्लड अँड वाइन’नंतर तीनच महिन्यांनी मूळ गेम आणि दोन्ही कथा एकत्र असलेली आवृत्ती निघाली. बहुतेक मोठ्या आरपीजींचं असंच होतं. ज्याला पहिल्या दिवशी खेळायची घाई नाही, त्यानं थांबावं. एकत्रित आवृत्ती नंतरच्या सवलतींच्या काळात पुष्कळ स्वस्त मिळते.

महाराष्ट्रात या धर्तीचा मोठा आरपीजी अजून घडलेला नाही. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. तो साहसी प्रकारचा, आरपीजी नव्हे. दुर्गेचा आशीर्वाद लाभलेली राजी ही मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधते, अशी कथा. त्याची सुधारित आवृत्ती आली तेव्हा तिच्यात हिंदी आवाज होते आणि आधी गेम घेतलेल्यांना ती फुकट मिळाली. छोट्या स्टुडिओनं असं करणं मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्या दोन तालुक्यांकडं. शहापूर-मुरबाडमध्ये बहुतेक मुलांच्या हातात कॉम्प्युटर नसून मोबाइल आहे. मोबाइलवरच्या आरपीजीत बरेचदा पुरवणी विकत मिळत नाही, विकत मिळते ती संधी. २०२० मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ घ्या. गेम फुकट, मुलूख फुकट, नव्या प्रदेशांची कथाही फुकट. पैसे जातात ते नवी पात्रं मिळवण्याच्या सोडतीत. सर्वांत वरच्या, पंचतारांकित फळाची शक्यता एका खेपेला ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. ९० खेपांत एकदा ते नक्की मिळतं, पण हवं तेच पात्र असेल असं नाही. हे आकडे गेममध्येच लिहिलेले असतात. मुलाला ते पान उघडून दाखवायला सांगा आणि दोघांनी मिळून वाचा. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पैशाच्या सोडती जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्यानं बंद केले. ठरलेली किंमत देऊन कथेची पुरवणी घेणं त्या बंदीत येत नाही. म्हणून गेमवर पैसे खर्चले म्हणजे पोर जुगाराला लागलं, असा निवाडा घरात लगेच करू नये. कशावर खर्चले ते आधी विचारावं.

पैसे देणं आता फारच सोपं झालंय. मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा दुकानात कार्ड घासायचं यंत्र आलं याचंच केवढं अप्रूप होतं. आज पाड्यावरचा टपरीवालाही क्यूआर कोड लावून बसतो. घरातला एकच फोन आई, वडील आणि मुलगा वापरत असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल असं करून घ्या. यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर तो बदला, आणि का बदलला तेही त्याला सांगा.

विकत घेतलेली पुरवणी आपल्या मालकीची होते का? नाही. मिळतो तो वापरण्याचा परवाना, आणि तो आपल्या खात्याला जोडलेला असतो. भावाला देता येत नाही, विकता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं १ जानेवारी २०२५ पासून विक्रेत्यांना हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगणं भाग पाडलं आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केल्यावर कुणालाच खेळता येईना. पैसे भरलेल्यांनाही नाही. सर्व्हरवाचून न चालणाऱ्या गेमची पुरवणी घेताना हा धोका धरूनच चालावं. एकट्यानं, इंटरनेटशिवाय खेळता येणाऱ्या आरपीजीत तो पुष्कळ कमी असतो.

शेवटी परताव्याचा नियम, कारण इथं आपल्या भागाची खरी अडचण आहे. कॉम्प्युटर गेमच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात पुरवणी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि त्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. काही पुरवण्यांना ही सवलत नसते. तसं त्यांच्या पानावर लिहिलेलं असतं. मूळ गेमचे तासही धरले जातात, हे मुलांना माहीत नसतं. सवलत दिसली म्हणून पुरवणी घेऊन ठेवायची आणि मूळ कथा खेळत राहायची, की दोन तास तिथंच संपतात. दुसरी अडचण डेटाची. डोळखांब किंवा टोकावडेच्या आतल्या पाड्यांवर मोबाइलच्या पॅकवरच सगळं चालतं. रोजचा दीड जीबी आणि पुरवणी २० जीबीची, तर ती उतरायलाच १४ दिवस लागतात. पुरवणी उघडून पाहण्याआधीच परताव्याची मुदत संपते. म्हणून लॅपटॉप घेऊन शहापुरात, मुरबाडात किंवा कल्याणच्या नातेवाइकाकडं ब्रॉडबँड असेल तिथं जावं, पैसे तिथंच भरावेत, फाइल तिथंच उतरवावी आणि पहिला तासभर तिथंच खेळून पाहावं.

(पुढील लेखांक : सीझन पास आणि बॅटल पास)