म्यूऑनचं घड्याळ आणि ‘ज्याचं त्याचं सत्य’

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठून विचारलं, ‘‘सर, सगळं सापेक्ष असतं हे आइनस्टाइनने सिद्धच केलं ना? मग खरं-खोटं ठरवायचं कशाला?’’ तत्त्वज्ञान शिकवताना हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकला. आज एका कणाच्या मदतीने त्याचं उत्तर देतो.

तळहात आडवा धरा. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जातो आहे. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा २०७ पट जड भाऊ. अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेवर आदळतात, त्यातून तो साधारण १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ६६० मीटर जातो. म्हणजे बोरीवलीहून निघाला तर त्याने कांदिवलीही गाठू नये. आणि हा तर पार्ल्याला पोचतो! कसा?

मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी १९३८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक मुद्दा मांडला. आपोआप विघटन पावणारा कण हे एक घड्याळच आहे. तो वेगाने धावत असेल, तर सापेक्षता सिद्धांतानुसार आपल्याला तो जास्त काळ टिकलेला दिसायला हवा. १९४१ मध्ये ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेत वेगवेगळ्या उंचींवर असे कण मोजले, आणि तसंच आढळलं.

आता हिशेब बघा. प्रकाशाच्या ९९.९ टक्के वेगाने धावणाऱ्या म्यूऑनचं घड्याळ आपल्या दृष्टीने सुमारे २२ पट सावकाश चालतं. म्हणून तो पोचतो. म्यूऑनच्या बाजूने पाहिलं, तर त्याचं घड्याळ नेहमीसारखंच चालतं; पण समोरचे १५ किलोमीटर आखडून सुमारे ६७० मीटर झालेले असतात. म्हणून तो पोचतो.

हकिकती दोन, पण घटना एकच. म्यूऑन तळहातापर्यंत आला, हे कोणाच्याही बाजूने खोटं ठरत नाही. शिवाय एका हकिकतीवरून दुसरी काढायचं गणित पक्कं आहे, आणि ते दोघांनाही सारखंच लागू आहे.

तेव्हा, ‘ज्याचं त्याचं सत्य’ असं आइनस्टाइन म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की तुम्ही कुठून बघताय ते आधी सांगा. मग माझा हिशेब तुमच्याशी जुळवून दाखवता येईल. ज्यांना हिशेब जुळवायचाच नाही, त्यांनी आइनस्टाइनला साक्षीला बोलावू नये.