झोपतानाची गोष्ट कोण सांगणार?

आज आपण बोलणार आहोत मुलांच्या झोपतानाच्या गोष्टीबद्दल.

ही गोष्ट आता मोबाईलही तयार करून देतो. 'राजू, वय पाच, बैल आवडतात' एवढं सांगायचं, की राजूची आणि त्याच्या बैलाची गोष्ट हजर. हवी तर मोबाईलच ती वाचूनही दाखवतो. मग आपल्यापैकी कुणाला वाटतं, 'मला कुठं वाचता येतं? पोराला मोबाईलच बरा.' हे खरं आहे का, ते पाहू.

आधी हे यंत्र चालतं कसं? त्याला लाखो पानांचा मजकूर दाखवून शिकवलेलं असतं. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येईल, याचा अंदाज बांधत ते वाक्यं जुळवतं. राजू त्याला माहीत नसतो, आपण सांगितलं तेवढंच माहीत असतं. त्याच्या शिकवणीत इंग्रजी भरपूर, मराठी कमी, आणि आपली अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी तर अगदीच थोडी.

मुलाचं नाव गोष्टीत घालणं तसं नवं नाही. घास भरवताना आपण तेच करतो. पण आज राजू कुणाशी भांडला, कशाला घाबरला, हे आपल्याला ठाऊक असतं. गोष्ट तिकडे वळवता येते.

आता आपली चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं. तो चिमणीच्या दारात भिजत उभा राहतो आणि ती काही लवकर दार उघडत नाही. ऐकणारं मूल चिमणी नाही आणि कावळाही नाही. तरी त्याला भिजणाऱ्या कावळ्याची दया येते आणि चिमणीच्या बाळाची काळजीही वाटते. दुसऱ्याच्या जागी उभं राहणं मूल असं शिकतं. स्वतःच्या नावाच्या गोष्टीत मात्र बहुतेक वेळा राजूच शूर आणि राजूच जिंकतो. कधीतरी मजा म्हणून ठीक, पण रोज तेच नको.

दुसरं म्हणजे, मूल 'पुन्हा तीच सांग' म्हणतं. एक शब्द चुकला तर आपल्याला टोकतं. पुढं काय येणार हे माहीत असलं की त्याला धीर वाटतो, आणि शब्दही पाठ होतात. शिवाय म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट शेजारच्या पोरांना येते, मामाच्या गावालाही येते. सगळी मिळून ती सांगतात. यंत्राची गोष्ट रोज नवी आणि एकट्या राजूचीच.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्यातल्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलंय, कारण श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. छापील पुस्तकातही सांगणारा आणि ऐकणारे समोरासमोर बसलेले आहेत.

मग मोबाईल वाईट का? नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला रोज गोष्ट सुचेलच असं नाही. पण एवढं पाळा:

• यंत्राची गोष्ट आधी स्वतः ऐका, मगच मुलाला ऐकवा.
• मुलाचं पूर्ण नाव, शाळा, गाव, फोटो देऊ नका. घरातलं लाडाचं नाव पुरे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती हवी, असं २०२३ चा कायदा सांगतो. विचार न करता 'हो' दाबू नका.
• प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर माणसांनी लिहिलेल्या मराठी गोष्टी चित्रांसह फुकट मिळतात. अंगणवाडीताईंना किंवा शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचून दाखवायला सांगा.

आणि एक काम. पुढच्या बैठकीत गटातल्या सर्वांत वयस्कर आजींना एक गोष्ट सांगायला लावा, त्यांच्याच बोलीत. मोबाईलवर ती रेकॉर्ड करून ठेवा. गोष्ट सांगायला अक्षरओळख लागत नाही. आजींनाही ती कुणी वाचून दाखवली नव्हती, त्यांनी ती ऐकलीच होती.