ड्रॅग नौका शर्यत : धोके व सुरक्षितता

ड्रॅग नौका शर्यत : सरळ जलमार्गावर दोन यांत्रिक नौकांमध्ये होणारी अल्प अंतराची शर्यत. मोटारगाड्यांच्या ड्रॅग शर्यतीचे हे पाण्यावरील रूप असून दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा प्रसार मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. शर्यतीचे रूढ अंतर पाव मैल (सु. ४०२ मी.) असून सर्वांत वेगवान वर्गासाठी ते पुढे १,००० फूट (सु. ३०५ मी.) करण्यात आले. या वर्गातील नौका नायट्रोमिथेन या इंधनावर चालतात व त्यांचा वेग ताशी ४०० किमी.च्याही वर जातो. म्हणजे अंतिम रेषेपाशी नौका दर सेकंदाला शंभर मी.हून अधिक अंतर कापीत असते. या वेगात अपघात झाल्यास चालकाने नौकेत राहणे हिताचे की नौकेबाहेर फेकले जाणे, हा या खेळापुढील प्रारंभापासूनचा प्रश्न होय. तो सोडविण्याच्या प्रयत्नांतूनच या खेळातील सुरक्षाव्यवस्था विकसित झाली.

धोक्यांची कारणे : पाणी हवेपेक्षा सु. ८०० पट घन असल्यामुळे त्याचा रोधही फार मोठा असतो. तो टाळण्यासाठी वेगवान नौका पाण्यात न चालता पाण्याच्या पृष्ठावरून सरपटत जाईल, अशी तिची रचना करतात. पूर्ण वेगात नौकेच्या तळाचा अत्यल्प भाग व मागील पंखा एवढेच पाण्याला टेकलेले असतात. उर्वरित भाग तळाखालून वाहणाऱ्या हवेवर तोललेला असतो. हवेचे हे उत्थापक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाल्यास बल चौपट होते. एखाद्या लहानशा लाटेने किंवा समोरून आलेल्या वाऱ्याच्या झोताने नौकेचे नाक उचलले गेले, की तळाखाली अधिक हवा शिरते, त्यामुळे नाक आणखी वर जाते आणि क्षणार्धात नौका मागच्या बाजूस उलटते. एका मर्यादेपलीकडे चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

जमिनीवरील धाव सपाट व स्थिर असते. पाण्याची धाव मात्र प्रत्येक फेरीगणिक बदलते. आधीच्या नौकांनी उठविलेल्या लाटा काठावर आदळून परत येतात. पृष्ठावर तरंगणारा ओंडकाही घातक ठरतो. १९३० साली इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरावर जलवेगाचा विक्रम केल्यानंतर त्याच दिवशी सर हेन्री सेग्रेव्ह यांची नौका उलटली व त्यांचा मृत्यू झाला; ती ओंडक्यावर आदळली असावी, असे मानतात. १९६७ साली कॉनिस्टन सरोवरावर डॉनल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ ही नौका ताशी सु. ५०० किमी. वेगात असताना नाक वर करून उलटली व तेही मृत्युमुखी पडले. पहिल्या फेरीच्या लाटा पुरत्या निवण्यापूर्वीच त्यांनी परतीची फेरी सुरू केली, असे एक मत आहे. तथापि कारणांविषयी मतभेद आहेत. हे दोन्ही प्रयत्न ड्रॅग शर्यतीतील नसले, तरी त्यांतून दिसणारे धोके सारखेच आहेत.

यांशिवाय एंजिनाचा स्फोट व आग हेही धोके संभवतात. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे ते अल्प हवेतही जळू शकते.

सुरक्षा-साधने : आरंभीच्या काळात चालक उघड्या आसनावर, न बांधता बसत असे. उलटलेल्या नौकेत अडकून बुडण्यापेक्षा बाहेर फेकले जाणे बरे, असा त्यामागील विचार होता. प्राणरक्षक जाकीट, शिरस्त्राण आणि चालक आसनातून दूर होताच एंजिन बंद करणारी अंगाला बांधलेली दोरी, ही त्या काळातील प्रमुख साधने होत. परंतु या वेगात पाण्याचा पृष्ठभाग शरीराला कठीण भूमीसारखाच लागतो. एडी हिल यांनी १९८२ साली ताशी सु. ३६८ किमी. वेगाचा विक्रम केला. १९८४ मध्ये ॲरिझोनातील अपघातात ते गंभीर जखमी झाले व त्यानंतर मोटारगाड्यांच्या शर्यतींकडे वळले. मोठ्या हायड्रोप्लेन नौकांच्या शर्यतींत बिल मन्सी (१९८१) व डीन चेनोवेथ (१९८२) हे नामवंत चालक लागोपाठ मरण पावल्याने उघड्या आसनाची पद्धत सदोष असल्याची जाणीव तीव्र झाली. १९८६ साली ‘मिस बडवायझर’ या नौकेवर एफ-१६ या लढाऊ विमानाचे पारदर्शक छत बसविण्यात आले आणि पुढे बंदिस्त कक्ष सर्वमान्य झाला.

ड्रॅग नौकांमध्ये याच विचाराने सुरक्षा-कोष आला. कार्बन तंतूंसारख्या बळकट द्रव्यांनी बनविलेल्या कोषात चालकाला पट्ट्यांनी घट्ट बांधतात. मानेला झटका बसू नये म्हणून शिरस्त्राण आधाराला जखडलेले असते. अपघातात नौकेचे तुकडे होताना त्यांत बरीचशी ऊर्जा खर्च होते आणि कोष अखंड अवस्थेत वेगळा होतो. अशा रीतीने चालक नौकेपासून दूर होतो, पण उघड्यावर पडत नाही.

तथापि कोषामुळे जुना धोका नव्या स्वरूपात परत आला. बेशुद्ध वा जखमी चालक पाण्याखाली बांधलेल्या स्थितीत राहू शकतो. म्हणून मुखवट्यातून श्वसनासाठी हवा पुरविण्याची सोय करतात व पाणबुडे असलेल्या बचाव-नौका मार्गालगत सज्ज ठेवतात. फॉर्म्युला वन नौकांच्या चालकांना तर पाण्यात उलट्या बुडविलेल्या कक्षातून स्वतः बाहेर पडण्याची चाचणी द्यावी लागते. या प्रकारच्या शर्यती भारतात मुंबई (२००४) व आंध्र प्रदेशातील अमरावती (२०१८) येथे झाल्या.

मर्यादा : कोषामुळे अनेक चालकांचे प्राण वाचले असले, तरी कोषातही मृत्यू घडले आहेत. कवच अभंग राहिले, तरी वेग एकाएकी शून्यावर आल्याने मेंदू व अंतर्गत इंद्रियांना बसणारा आघात पूर्णतः टाळता येत नाही. त्यामुळे वाऱ्याचा जोर वाढल्यास शर्यत थांबविणे, मार्ग तपासून तरंगत्या वस्तू काढणे आणि दोन फेऱ्यांमध्ये पाणी शांत होऊ देणे हे साधे नियम आजही महत्त्वाचे ठरतात. अपघात घडल्यावर कोष उपयोगी पडतो. तो घडू नये, हे मात्र पाण्याची स्थिती ओळखून थांबण्याच्या निर्णयावर अवलंबून असते.