हजारावर एक

ओझरच्या विघ्नहराला देणगी देताना आपण हजारावर एक रुपया ठेवतोच. खोड जुनी आहे. याच जुन्नर तालुक्यात, नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञाच्या दक्षिणेत १०,००१ गाई नोंदल्या आहेत. लेख दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात शून्याचं चिन्हच नाही. हजाराच्या खुणेला दहाची खूण जोडली, शेजारी एक आडवी रेघ ओढली, की झाले दहा हजार एक!

संख्याही गमतीची. १०,००१ म्हणजे ७३ गुणिले १३७. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांची प्रसिद्ध संख्या ६१७४ घ्या. आधी ७३ने गुणा, आलेल्या उत्तराला १३७ने. हाती येतात ६१७४६१७४. कुठलीही चार अंकी संख्या अशीच जोडीनं परतते. आपल्या गाडीचा नंबर घेऊन बघा.