तुमची वेबसाइट गूगल फोनवरूनच वाचतं

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा मजकूर. आजचा विषय आहे वेबसाइट, मोबाइल आणि एसईओ. आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून.

माझ्या मामाचा गुहागरला छोटा होमस्टे आहे. चार खोल्या, घरचं जेवण, समुद्र चालत पाच मिनिटांवर. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी त्याला वेबसाइट करून दिली होती. मागच्या दिवाळीत मामा म्हणाला, "अरे, तुझ्या त्या साइटवरून हल्ली कुणाचा फोनच येत नाही. सगळी बुकिंग अ‍ॅपवरून येतात आणि दर बुकिंगमागे कमिशन जातं."

मी लॅपटॉपवर साइट उघडली. सगळं व्यवस्थित. खोल्यांचे दर, जेवणाचा मेन्यू, पुण्याहून कसं यायचं, सगळं जागच्या जागी. मग मामाने स्वतःचा फोन पुढे केला. त्यावर एक फोटो, होमस्टेचं नाव आणि खाली एक ओळ: "संपूर्ण माहितीसाठी कॉम्प्युटरवर उघडा."

ती ओळ मीच लिहिली होती. मोबाइलसाठी वेगळं, हलकं पान केलं म्हणून तेव्हा भारी वाटलं होतं!

आता यात बिघडलं कुठे, ते बघू. गूगलकडे एक प्रोग्रॅम असतो, त्याला क्रॉलर म्हणतात. तो वेबसाइटची पानं वाचत फिरतो आणि वाचलेलं गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे सूचीत जातं. आपण सर्च करतो तेव्हा उत्तर या सूचीतून येतं. पूर्वी हा क्रॉलर मुख्यतः कॉम्प्युटरवरचं पान वाचायचा. मग लोकच फोनवर आले. एप्रिल २०१५ मध्ये गूगलने मोबाइलवरच्या सर्चमध्ये मोबाइल-फ्रेंडली पानांना झुकतं माप द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पुढची घोषणा झाली: मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग. म्हणजे सूची बनवताना फोनवर दिसणारं पान हेच मुख्य पान. मार्च २०१८ पासून साइट्स टप्प्याटप्प्याने हलवल्या गेल्या, आणि जुलै २०२४ मध्ये उरल्यासुरल्या साइट्सही गेल्या.

याचा सरळ अर्थ असा, की जे फोनवरच्या पानात नाही, ते गूगलसाठी नाहीच. मामाचा मेन्यू, दर, रस्ता हे सगळं गूगलच्या लेखी गायब. "गुहागर घरगुती जेवण होमस्टे" असं कुणी शोधलं, तर गूगल मामाचं पान का दाखवेल? त्यात जेवणाचा शब्दच नव्हता.

एक गोष्ट लक्षात ठेवा. जागा वाचवायला मजकूर "अधिक वाचा" बटणामागे घडी करून ठेवला, तर अडचण नाही, कारण तो पानाच्या कोडमध्ये असतो. तो मोबाइलच्या पानातून काढूनच टाकला, तर मात्र गेला.

मग मी काय काय केलं?

पहिलं, दोन वेगळी पानं बंद केली. एकच पान ठेवलं, जे स्क्रीनप्रमाणे स्वतःची मांडणी बदलतं. याला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन म्हणतात. ईथन मार्कोट या डिझायनरने २०१० मध्ये हे नाव रूढ केलं. यासाठी पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची एक ओळ लागते. ती ब्राउझरला सांगते, "पानाची रुंदी फोनच्या रुंदीइतकी धर." ती नसेल तर ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं समजून सगळं बारीक करून दाखवतो. मग बसा दोन बोटांनी झूम करत.

दुसरं, फोटो. मामाने फोनवर काढलेले बारा फोटो जसेच्या तसे चढवले होते, प्रत्येकी चार-पाच एमबीचे. म्हणजे पन्नास एमबीच्या आसपास! घाटात नेटवर्कची एक काडी असताना ते कोण उघडणार? फोटो लहान करून वेबपी फॉरमॅटमध्ये टाकले, प्रत्येकी दीडशे केबीच्या आत. सगळे मिळून दोन एमबीसुद्धा होत नाहीत. खालचे फोटो तिथवर स्क्रोल केल्यावरच लोड होतील असं केलं. सगळ्यात वरच्या फोटोला मात्र हे लावू नका, तो लगेच दिसायला हवा.

तिसरं, फोन नंबर. तो चित्रात होता, त्यामुळे दाबून कॉल लागायचा नाही. आता दाबला की थेट डायल होतो. बटणं अंगठ्याला सहज सापडतील इतकी मोठी केली. गूगलचा सल्ला साधारण ४८ पिक्सेलचा आहे.

चौथी गोष्ट खास आपल्या मराठी साइटवाल्यांसाठी. मेन्यूचा मजकूर छपाईवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये आला होता. असे फॉन्ट आतून रोमन अक्षरंच साठवतात, वर फक्त मराठी आकार चढवतात. तो फॉन्ट फोनमध्ये नसेल तर वाचणाऱ्याला कचरा दिसतो, आणि गूगललाही तोच कचरा मिळतो. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच हवा. मेन्यूकार्डाचा फोटो टाकून भागवू नका. शिवाय आपल्यातले बरेच जण मराठी गोष्टही रोमन लिपीत टाइप करून शोधतात. म्हणून पानाच्या शीर्षकात गावाचं आणि होमस्टेचं नाव दोन्ही लिप्यांत दिलं.

आता मोजायचं कसं? गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे. त्यात तीन आकडे बघा. मुख्य मजकूर किंवा फोटो २.५ सेकंदांत दिसावा. बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद दिसावा. आणि पान उड्या मारण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. उड्या म्हणजे काय? तुम्ही "कॉल करा" दाबायला जाता, तेवढ्यात वर फोटो येतो, सगळं खाली सरकतं आणि बोट भलतीकडे पडतं, ते. फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये आधीच लिहिली की हे बरंच थांबतं. साइट छोटी असेल तर खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे दिसणार नाहीत, घाबरू नका. खालचा चाचणीचा भाग बघून काम भागतं.

दुसरं साधन सर्च कन्सोल. हेही फुकट. त्यात तुमच्या पानाचा पत्ता टाका. गूगलच्या स्मार्टफोन क्रॉलरने नेमकं काय वाचलं, ते दिसतं. मी हे आधी बघितलं असतं, तर मामाची काही वर्षं वाचली असती.

आणि हे सगळं केलं की पहिला नंबर येतो का? नाही. तसं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. शोधणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर पानात आहे का, हे सगळ्यात महत्त्वाचं. वेग आणि मांडणी त्यानंतर. पण उत्तर असूनही ते फोनवर दिसत नसेल, तर तुम्ही शर्यतीतच नाही.

साइट बदलल्यावर काही आठवडे काहीच झालं नाही. मग सर्च कन्सोलमध्ये जेवणाबद्दलचे शोध दिसायला लागले. एके दिवशी मामाचा फोन आला. "एक कुटुंब थेट आलं रे. जेवणाचं वाचून आलो म्हणाले." अ‍ॅपवरची बुकिंग अजूनही येतात, कमिशनही जातं. पण आता सगळंच त्यांच्या हातात नाही.

तुमची, दादाच्या दुकानाची, मावशीच्या क्लासची साइट असेल, तर आज एवढंच करा. वायफाय बंद करा, फोनवर साइट उघडा आणि एका अंगठ्याने दर आणि फोन नंबर शोधा. सापडला नाही, तर काम कुठून सुरू करायचं ते कळलं. अडलात तर प्रश्न पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. भेटू!