मेल्यावर ओबी-वान उरतो कसा? ‘स्टार वॉर्स’मधली भुते आणि अनात्म

‘स्टार वॉर्स’मधले जेडाय म्हणजे अंतराळातले भिक्खूच, असे आपल्यातले अनेक तरुण सहज बोलून जातात. अंगावर साधा झगा, ध्यान, आसक्तीला नकार, करुणेची शिकवण. साम्य आहे, हे आम्हीही मानतो. पण हेच जेडाय मेल्यावर निळसर प्रकाशात परत येतात, ओंडक्यावर बसून बोलतात, शिष्याला सल्ला देतात. मग हा आत्मा नाही तर काय? या भुतांचे चाहत्यांच्या भाषेतले नाव ‘फोर्स घोस्ट’. ती कशी चालतात यावर चाहते अनेक वर्षे तर्क लढवत आहेत. ते तर्क आधी समजून घेऊ.

१९७७ च्या पहिल्या चित्रपटात डार्थ व्हेडर ओबी-वानवर तलवार चालवतो आणि ओबी-वानचे शरीरच नाहीसे होते. जमिनीवर फक्त झगा पडतो. १९८३ मध्ये योडाही असाच अंतर्धान पावतो. यावरून पहिला नियम सरळ निघाला: शरीर नाहीसे झाले तर भूत होते. पण १९९९ च्या चित्रपटात ओबी-वानचा गुरू क्वाय-गॉन जिन मरतो, तेव्हा त्याचे शरीर तसेच राहते आणि त्याला चितेवर अग्नी दिला जातो. मग २००५ च्या चित्रपटात योडा सांगतो की, याच क्वाय-गॉनला मृत्यूपलीकडे टिकून राहण्याची वाट सापडली आहे, आणि ओबी-वानने ती वाळवंटातल्या अज्ञातवासात शिकावी. म्हणजे ही विद्या आहे, ती शिकावी लागते.

‘द क्लोन वॉर्स’ या ॲनिमेशन मालिकेच्या सहाव्या पर्वात (२०१४) याचा खुलासा येतो. जिवंत प्राण्यांतून वाहणारा ‘लिव्हिंग फोर्स’ मरणानंतर सगळ्या विश्वाच्या ‘कॉस्मिक फोर्स’मध्ये मिसळतो. सामान्य माणूस त्यात विरघळून जातो; ज्याने साधना केली, त्याची ओळख विरघळत नाही. क्वाय-गॉनची साधना अर्धवट राहिली होती, म्हणून त्याचा फक्त आवाज ऐकू येतो. योडाला हे शिकण्यासाठी स्वतःच्याच अंधाऱ्या, अहंकारी रूपाशी झुंजावे लागते. त्याला मारून काही साधत नाही. तो आपलाच भाग आहे हे कबूल केल्यावरच योडा पुढे सरकतो. आमच्या मते संपूर्ण गाथेत धम्माच्या सर्वांत जवळ जाणारा प्रसंग हाच.

आता गंमत पाहा. सम्राट पॅल्पटीन सिथ आहे, सत्तेला आणि जगण्याला घट्ट चिकटलेला. मृत्यूवर मात करण्यासाठी तो कृत्रिम देह तयार करवतो आणि त्या कुजक्या देहात अडकून पडतो. जो ‘मी’ला धरून बसला त्याची अशी गत, आणि ज्याने ‘मी’ सोडला तो टिकला. बहुतेक चाहत्यांना हेच उत्तर पटते.

आम्हाला ते अर्धेच पटते. तृष्णा सोडली तर दुःख सुटते, इथपर्यंत ठीक. पण सोडण्याचे बक्षीस म्हणून तोच ‘मी’, तेच नाव, तोच चेहरा कायमचा परत मिळत असेल, तर सोडले काय? नागसेनांनी राजा मिलिंदाला दिव्याचा दाखला दिला होता. एका दिव्यावरून दुसरा दिवा लागतो, पण पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जात नाही. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आत्म्यावरील विश्वासाला अधम्मात ठेवले आहे. तेव्हा जेडाय आवडोत, पण भूत होणे ही बौद्ध कल्पना आहे असे कोणी सांगितले तर थांबवावे.

बाकीच्या नियमांत बरीच ओढाताण आहे. जुन्या चित्रपटात ओबी-वान ल्यूकला बजावतो की, व्हेडरशी लढायला गेलास तर मला मध्ये पडता येणार नाही. २०१७ मध्ये मात्र योडाचे भूत वीज पाडून झाड जाळते आणि ल्यूकच्या नाकावर काठी मारते. २०१९ मध्ये ल्यूकचे भूत समुद्रातून आख्खे विमान वर काढते. ते बेट फोर्सने भारलेले आहे म्हणून तिथे हे जमते, असा एक तर्क आहे. आम्हाला वाटते, दिग्दर्शकाला दृश्य हवे होते.

खरा वाद अनाकिनचा. जेडायांच्या मंदिरात शिरून लहान मुलांना मारणारा, वीसेक वर्षे साम्राज्याचा हस्तक राहिलेला हा माणूस. शेवटच्या घटकेला मुलाला वाचवतो आणि लगेच योडाच्या शेजारी उभा दिसतो. ही विद्या तो शिकला कधी? ओबी-वान आणि योडाने त्याला हात दिला असावा, असे काही चाहते म्हणतात. त्या एका निःस्वार्थ कृतीतच सगळी साधना आली, असे इतर म्हणतात. १९८३ मध्ये हे भूत वृद्ध सेबॅस्टियन शॉ यांच्या रूपात दिसले. २००४ च्या डीव्हीडीत त्यांच्या जागी तरुण हेडन क्रिस्टेन्सन आले. जेडाय म्हणून तो जसा शेवटचा होता तसा दिसतो, हे त्यामागचे चाहत्यांचे समर्थन. मग पश्चात्ताप केलेला तो म्हातारा कोण होता, असे आम्ही विचारतो. अंगुलिमालाला संघात जागा मिळाली, पण गावात भिक्षेला गेल्यावर लोकांचे दगड त्याला खावे लागले आणि ते त्याने सहन केले. अनाकिनला एकही दगड लागत नाही.

आणि ही विद्या होती कोणाकडे? मंदिरात प्रचंड ग्रंथालय होते, ज्येष्ठांची परिषद होती, तरी वाट सापडली ती परिषदेशी सतत भांडणाऱ्या क्वाय-गॉनला. ती पुढे पोहोचली अगदी मोजक्यांपर्यंत. हजारो जेडाय एका हुकुमात मारले गेले, त्यांना कोणी काही शिकवलेच नव्हते. २०१९ च्या चित्रपटात रे हिला त्यांतल्या काहींचे आवाज ऐकू येतात, यावर चाहत्यांचा अजून वाद चालू आहे. मंदिरातली ती मुले मात्र कोणालाच दिसत नाहीत.