रेडिएटरचा फॅन सारखा चालू-बंद होतोय? आधी त्याला हुकूम कोण देतंय ते बघा

हा आपल्या गाडीच्या भागाचा लिखित अवतार. लोकलमध्ये आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून बरेच जण भाग वाचूनच घेतात, त्यांच्यासाठी. बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "बेसिकली" गाळलेत.

गोष्ट मे महिन्यातली. बाबांची अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. आठवड्याभरात आजीला कोकणातून पुण्याला आणायचं होतं. म्हणजे परतीच्या वाटेवर ताम्हिणीचा चढ, आणि गाडीत गुडघे दुखणारी आजी. आणि नेमकं तेव्हाच गाडीने नवीन नाटक सुरू केलं. सिग्नलला उभं राहिलं की रेडिएटरचा फॅन घर्रर्र... बंद. घर्रर्र... बंद. चार-पाच सेकंदांत एकदा. एसी बंद असतानाही!

गॅरेजवाले म्हणाले, "मोटर गेली." नवीन फॅन बसवला, साडेसहा हजार गेले. दोन दिवसांनी परत घर्रर्र... बंद. बाबा म्हणाले, "राहू दे, एसटीने आणू तिला." मग मात्र मी म्हटलं, थांबा. आपण दिवसभर ऑफिसात बग शोधतो, एक घरचा शोधून बघू.

चालू-बंद होणं हा आजार नाही

हे आधी डोक्यात पक्कं करा. फॅन चालू-बंद होण्यासाठीच बनवलाय. सोसायटीच्या टाकीचा ऑटोमॅटिक पंप आठवा. पाणी खालच्या खुणेला गेलं की पंप सुरू, वरच्या खुणेला आलं की बंद. दोन्ही खुणा एकाच जागी ठेवल्या तर कोणी नळ उघडला तरी पंप धडधडेल, आणि मोटर जळेल.

फॅनचंही तसंच. कूलंट साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की फॅन सुरू होतो, आणि पाच-सहा अंश खाली आलं की थांबतो. नेमके आकडे गाडीगणिक वेगळे. हायवेवर समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो, म्हणून तिथे फॅनची गरज फारशी पडत नाही. ट्रॅफिकमध्ये पडते.

म्हणजे प्रश्न "फॅन चालू-बंद का होतोय?" हा नाहीच. खरा प्रश्न असा: फॅन तापमानाच्या मागे चालतोय का?

काट्यावर विश्वास नको, फोन काढा

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बऱ्याच गाड्यांमध्ये मुद्दाम शांत ठेवलेला असतो. तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो मध्येच. चालवणाऱ्याने घाबरू नये म्हणून ठीक, पण निदानासाठी निरुपयोगी.

स्टिअरिंगच्या खाली ओबीडी नावाचा सॉकेट असतो. त्यात ब्लूटूथचा छोटा डोंगल लावायचा आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये कूलंटचं तापमान लाइव्ह बघायचं. एसी बंद, गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. पंधरा-वीस मिनिटं आकडा बघा आणि कान फॅनकडे ठेवा. मग बहुतेक वेळा यातलं एक चित्र दिसतं:

एक. आकडा हळूहळू चढतो, फॅन लागतो, आकडा उतरतो, फॅन थांबतो. गाडी ठणठणीत आहे. पैसे वाचवा, मिसळ खा.

दोन. एसी लावला की फॅन लागतो, बंद केला की थांबतो. हेही नॉर्मल, कारण एसीच्या कंडेन्सरलाही तोच वारा लागतो. पण कॉम्प्रेसर दर काही सेकंदांनी टक-टक करत असेल आणि गारवाही नसेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता बघा. एसीवाल्याकडे जा, रेडिएटरवाल्याकडे नाही.

तीन. आकडा चढतच राहतो आणि फॅन मध्येच थांबतो. इथे फॅनच्या प्लगवर मीटर लावायचा. फॅन थांबलेला असताना तिथे बारा व्होल्ट येत असतील आणि अर्थिंगही चांगलं असेल, तर मोटर दोषी. व्होल्ट येतच नसतील तर रिले, फ्यूज किंवा वायरिंग. रिलेचा संशय असेल तर तसाच दुसरा रिले फ्यूज बॉक्समध्ये बहुधा सापडतो, अदलाबदल करून बघता येतं.

चार. फॅन नीट चालतोय, पण ट्रॅफिकपेक्षा हायवेवरच गाडी जास्त तापते. मग फॅनला सोडा. कूलंट कमी, रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट नीट उघडत नाही, असं काहीतरी असतं.

पाच. आकडाच उड्या मारतो. आमचं हेच निघालं.

पुण्यात मे महिन्यात उणे ४०

अ‍ॅपवर दिसत होतं: ९४, ९५, ९५, उणे ४०, ९५, उणे ४०, ९६. अहो, पुणं आहे हे, सियाचीन नाही!

आता इथे इंजिनिअरिंग कामाला आलं. ओबीडीवर कूलंटचं तापमान एका बाइटमध्ये येतं, म्हणजे ० ते २५५. त्यातून ४० वजा करायचे की अंश सेल्सिअस मिळतात. म्हणजे उणे ४० दिसलं याचा अर्थ बाइट शून्य आहे. हे तापमान नाहीच, ही तुटलेली तार आहे.

कूलंटचा सेन्सर म्हणजे तापल्यावर रेझिस्टन्स कमी होणारा एक तुकडा. तार तुटली की रेझिस्टन्स अफाट, आणि कॉम्प्युटरला वाटतं हिमालय आलाय. पण तो अगदीच भोळा नसतो. गरम इंजिन एका क्षणात गोठणार नाही हे त्याला कळतं, म्हणून तो "सेन्सरचा भरवसा नाही, फॅन लावूनच ठेवा" असा सुरक्षित हुकूम देतो. तार परत टेकली की आकडा ९५, फॅन बंद. म्हणजे आमचा फॅन पहिल्यापासून निर्दोष होता. बिचारा हुकूम पाळत होता, आणि हुकूम देणारा आंधळा झाला होता.

खातरजमा सोपी होती. इंजिन पूर्ण थंड, बंद, फक्त चावी ऑन. फॅनपासून लांब असलेल्या सेन्सरचा प्लग हलकेच हलवला. आकडा उणे ४०, आणि पलीकडे फॅन घर्रर्र! प्लगचं लॉक तुटलेलं, आत पिना हिरव्या पडलेल्या. अ‍ॅपमध्ये पेंडिंग कोडही होता: पी०११८, म्हणजे त्याच सेन्सरच्या सर्किटची तक्रार. इंजिनचा दिवा मात्र लागला नव्हता. नवीन प्लग दीडशे रुपयांचा, तारा जोडून घेतल्या.

मेकॅनिकवर राग नाही. ज्याचा आवाज येतो तेच बदलायचं, असं आपणही कोडमध्ये करतोच की. एरर ज्या ओळीवर दिसते तिथे चूक असेलच असं नाही.

जीव सांभाळून

तीन गोष्टी. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही. आत दाब असतो, उघडताच उकळतं कूलंट अंगावर येतं. दुसरं, फॅन इंजिन बंद असतानाही अचानक लागू शकतो, म्हणून बोटं, ओढणी, इअरफोनची वायर लांब. तिसरं, आकडा ११० च्या पुढे चढत असेल तर "घरापर्यंत पोचू" म्हणू नका. एसी बंद, गाडी सुरक्षित कडेला, इंजिन बंद. तापलेल्या इंजिनाचं हेड वाकलं किंवा हेड गॅस्केट गेलं, तर खर्च हजारांत मोजत बसावं लागतं.

आजीला आणलं. ताम्हिणी चढताना फोन डॅशबोर्डवर, आकडा ९१ ते ९८. आजी म्हणाली, "सारखं मोबाइलमध्ये काय बघतोस रे?" म्हटलं, गाडीला ताप आहे का ते बघतोय. ती म्हणाली, "मग हात लावून बघ की!"

तुमच्या गाडीत कुठलं चित्र दिसलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.